ठिपके गेले, पण रोग गेला का?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नवा ब्लू टँग मासा सोडला. पाच-सहा दिवसांनी त्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, जणू कुणी मिठाचे कण चिकटवलेत. दुकानातून निळं औषध आणून पाण्यात टाकलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग स्वच्छ झालं. घरातले सगळे खूश. मग आठवडा-दीड आठवडा गेला आणि ठिपके परत आले, या वेळी कितीतरी जास्त, आणि टँगबरोबर क्लाऊनफिशच्याही अंगावर. मासे धापा टाकू लागले आणि दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी झाली. सांगली-मिरज असो की कराड-सातारा, खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या बहुतेकांनी हे पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. सगळ्यांचा प्रश्न एकच: औषध लागू पडलं होतं, मग मासे मेले कसे?

औषध लागू पडलंच नव्हतं. ठिपके आपणहून गेले, आणि ते जाणारच होते.

## गोठा आणि गोचीड

ज्यांच्या दारात जनावर आहे त्यांना हे पटकन समजेल. गोचीड गाईचं रक्त पिऊन टम्म फुगते, मग गळून पडते आणि गोठ्याच्या भिंतीच्या फटीत अंडी घालते. गाईच्या अंगावर एकही गोचीड दिसत नाही, तेव्हा गोठा हजारो पिल्लांच्या तयारीत असतो. म्हणून जाणता माणूस नुसती गाय धुऊन थांबत नाही, गोठ्याचाही बंदोबस्त करतो.

ठिपक्यांचा हा रोग करणारा जीव म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. टाकीवाले त्याला मरीन इच किंवा व्हाइट स्पॉट म्हणतात. तो माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली घुसून तीन ते सात दिवस खातो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे हाच पोट भरत असलेला परजीवी. पोट भरलं की तो गळतो, वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कवच करतो. या कवचाला सिस्ट म्हणतात. आत त्याचे तुकडे होत जातात आणि एका सिस्टमधून दोनशेपर्यंत पिल्लं बाहेर पडतात. बहुतेक सिस्ट ३ ते २८ दिवसांत फुटतात, पण ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात.

औषधाचा मार बसतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. कातडीखालचा परजीवी आणि कवचातला परजीवी, दोघेही औषधाच्या आवाक्याबाहेर असतात. त्यामुळे चौथ्या दिवशी अंग स्वच्छ झालं, याचा अर्थ गोचीड गळून गोठ्यात गेली. मोकळ्या समुद्रात दोनशेतल्या एखाद्या पिल्लाला मासा सापडत असेल. दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत मात्र मासा हाताच्या अंतरावरच असतो.

## पण त्याआधी: मासा आजारी आहे की पाणी?

मासे धापा टाकताना दिसले की हात औषधाच्या बाटलीकडे जातो. तो थांबवा आणि दोन गोष्टी पाहा.

पहिली, टाकीतली कोळंबी, गोगलगायी, हर्मिट खेकडे. माशांचे परजीवी त्यांना शिवत नाहीत. मासे तडफडतायत आणि कोळंबी मजेत दगड खरवडतेय, तर बहुधा रोग. कोळंबीही आडवी पडली, तर पाण्यात काहीतरी गेलंय. तांबं हा इथला नेहमीचा गुन्हेगार. द्राक्षबागेत मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, काम करून न धुतलेला हात छोट्या टाकीत घातला तरी कोळंबीला धोका असतो. आणि हल्ली घरगुती आरओ मशिनमध्ये ‘कॉपर’ची कार्ट्रिज येते. माणसाला ते पाणी चालतं, कोळंबी-प्रवाळांना विष ठरू शकतं.

दुसरी, वेळ. सगळे मासे एकदम, तासाभरात बिघडले तर ऑक्सिजन किंवा विषबाधा. भिंतीला रंग दिला का, डासांचा फवारा मारला का, रात्री वीज गेली होती का, हे विचारा. एक-दोन दिवसांत मासे एकामागून एक पडत असतील तर व्हेल्वेट किंवा ब्रुकलिनेला (हे कोण ते पुढे येतं). आठवडाभराने येणारी लाट इचची. महिनोन्‌महिने रोडावत जाणारा मासा पोटातल्या जंतांचा, क्षयासारख्या जिवाणू रोगाचा, नाहीतर दांडगाई करणाऱ्या शेजाऱ्याचा बळी असतो.

ऑक्सिजनचा हिशोब खाऱ्या पाण्यात आधीच तंग असतो. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. पाणी ३० अंशांवर गेलं की जेमतेम ६.२. एप्रिल-मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, त्यात दुपारी वीज गेली की पंप बंद, पाण्याची हालचाल बंद. अशा वेळी सर्वांत मोठा मासा सहसा आधी कोसळतो, कारण त्याची गरज जास्त. बॅटरीवर चालणारा एअर पंप काही शे रुपयांत मिळतो आणि निदान चुकलं तरी तो नुकसान करत नाही. कुठलंही औषध टाकण्याआधी तो लावा.

अमोनिया ही दुसरी बाजू. माशाच्या मूत्रातून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून तो तयार होतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात, एक बरंचसं निरुपद्रवी आणि एक जहाल. पीएच एकाने वाढला की जहाल रूपाचा वाटा आठ-दहा पट होतो. मरीन टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ असतो, म्हणून गोड्या पाण्यात खपून जाणारा ०.५ पीपीएम (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) अमोनिया इथे कल्ले भाजतो. नायट्राइटचं उलट आहे: खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्याला अडवतं, त्यामुळे गोड्या पाण्याइतकी धास्ती नको.

मुंबईहून किंवा चेन्नईहून थर्माकोलच्या पेटीत, रात्रभराच्या प्रवासाने आलेल्या माशांच्या बाबतीत ही रसायनं फार महत्त्वाची ठरतात. बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो आणि साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा पिशवीत दोन तास थेंबथेंब पाणी घालत बसणं म्हणजे माशाला त्या विषात मुरवणं. त्यापेक्षा पिशवीतल्या पाण्याची क्षारता विचारून वेगळ्या टाकीत तेवढीच तयार ठेवा. दुकानं पुष्कळदा १.०१८ ते १.०२० विशिष्ट गुरुत्वावर (पाणी किती खारं याचं माप) मासे ठेवतात. पंधरा-वीस मिनिटं पिशवी बंदच पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. मग उघडा आणि लगेच मासा सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

## “पण माझ्याकडे तर आरओचं पाणी आहे”

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारं मीटर लावून पाहा. घरगुती मशिनमध्ये चव राहावी म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळणारी चावी असते, त्यामुळे आकडा ५० ते १०० च्या घरात असतो. टाकीसाठी तो शून्य ते पाच हवा. मिरज, वाळवा, पलूसकडच्या क्षारपड पट्ट्यात बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, सल्फेट, खतांचं नायट्रेट भरपूर असतं. ‘खारंच तर आहे’ म्हणून ते मरीन टाकीला वापरणं ही मोठी चूक आहे. समुद्राच्या पाण्यातले क्षार ठरावीक प्रमाणात असतात. घरातलं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड, तेही चालत नाही. मरीन सॉल्ट लिटरला ३५ ग्रॅम धरून सुरुवात करा. पिशवीतल्या मिठाला ओल असते, म्हणून प्रत्यक्षात ३७-३८ ग्रॅमही लागतं. शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे खारटपणा मोजणाऱ्या उपकरणाचा, आणि तो नुसत्या आरओच्या पाण्याने शून्यावर न लावता ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणाने लावलेला असावा.

## दहा मिनिटं, दिवा न लावता

पाणी ठीक निघालं तर आता मासा. सकाळी टाकीचा दिवा लावण्याआधी खुर्ची घेऊन बसा. कल्ल्यांचं झाकण किती वेळा उघडतं ते मिनिटभर मोजा. जातीनुसार आणि तापमानानुसार हा आकडा बदलतो, म्हणून मासा धडधाकट असतानाच त्याचा आकडा वहीत लिहून ठेवावा. तो दीडपट झाला तर अंगावर काहीही दिसत नसलं तरी कल्ल्यांत काहीतरी आहे असंच धरा. एकाच बाजूचा कल्ला हलत असेल तर संशय आणखी बळकट. मासा पॉवरहेडच्या (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड देऊन उभा आहे का, अंधाऱ्या कोपऱ्यात लपतो का, वाळूवर अंग घासतो का, डोकं झटकतो का, तेही पाहा.

मग खोली अंधारी करा आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने, तिरका धरा. समोरच्या प्रकाशात न दिसणारी बारीक धूळ तिरक्या उजेडात चमकते.

## भुरी की डाऊनी?

तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला हे सांगायला नको. पानावर पांढरं दिसलं म्हणून तो लगेच पंप पाठीवर घेत नाही. भुरी आणि डाऊनी हे द्राक्षाचे दोन वेगळे रोग: भुरी असेल तर गंधक, डाऊनी असेल तर मोरचूद-चुन्याचं बोर्डो. डाऊनीवर गंधक मारलं तर पैसे जातात आणि घडही जातात. माशाच्या अंगावरचं पांढरंही चार-पाच जातींचं असतं.

इचचे ठिपके मोजता येतात. टपोरे, उठावदार, मिठाच्या कणाएवढे, परांवर आधी दिसणारे. वाळूचे कण किंवा हवेचे बुडबुडे चिकटले तरी तसेच दिसतात, पण मासा फिरला की ते सुटतात.

व्हेल्वेट, म्हणजे अ‍ॅमिलूडिनियम ओसेलाटम, मोजता येत नाही. हळदीची अगदी बारीक पूड अंगावर बसावी तशी सोनेरी-राखाडी झाक तिरक्या टॉर्चमध्ये दिसते. पण तिची वाट पाहू नका. हा परजीवी आधी कल्ल्यांवर बसतो आणि एकाचे २५६ होतात. कित्येकदा अंगावर धूळ यायच्या आत मासा गुदमरून जातो. काल जेवणारा मासा आज खात नाही, धारेत तोंड देऊन उभा आहे, उजेड टाळतो, श्वास दुप्पट: एवढं जुळलं तर ठिपक्यांचा पुरावा न मागता व्हेल्वेट समजून त्याच दिवशी उपचार सुरू करा. इचमध्ये विचार करायला दोन दिवस मिळतात. व्हेल्वेटमध्ये ते मिळत नाहीत.

क्लाऊनफिश नवीन आणलाय, अंगावर शेंबडासारखा जाड चिकट थर आलाय आणि कातडीचे पापुद्रे सुटतायत, तर ती ब्रुकलिनेला. ही माशाच्या अंगावरच दुणावत जाते, म्हणून चाल वेगवान. तांब्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. फॉर्मलिन चालतं, पण ते कर्करोगकारक विष आहे आणि पाण्यातला ऑक्सिजनही खातं. पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय आणि जोरदार एअर पंपाशिवाय त्याला हात लावू नये. समुद्रातून पकडलेल्या क्लाऊनफिशमध्ये ही जास्त आढळते. नवी मुंबईत ऐरोलीला शोभेच्या सागरी माशांची हॅचरी आहे. तशा ठिकाणी जन्मलेली पिल्लं घेतली तर हा धोका बराच कमी होतो.

हिरव्या क्रोमिसच्या कुशीला लाल, भाजल्यासारखा चट्टा दिसला तर युरोनिमा हा परजीवी. तिथेही तांबं निकामी. डोळा धुरकट, अंग घासणं, जांभया: फ्लूक, म्हणजे चपटे कृमी. परांवर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ म्हणजे लिम्फोसिस्टिस हा विषाणू. त्याला औषध नाही आणि बहुधा गरजही नाही, पाणी चांगलं ठेवा. एकच डोळा बाहेर आला असेल तर धडक बसली असावी. दोन्ही आले तर आतला संसर्ग.

## गोड्या पाण्याची अंघोळ

घरात करता येणारी सगळ्यात उपयोगी तपासणी हीच. तासगावचा बेदाणा पाण्यात टाकला की टम्म फुगतो. आत साखर दाट, बाहेर पाणी पातळ, म्हणून पाणी आत शिरतं. खाऱ्या पाण्यात वाढलेला कृमी गोड्या पाण्यात पडला की त्याचं तसंच होतं. माशाला जाड कातडी आणि मूत्रपिंड आहे, तो काही मिनिटं निभावतो.

गडद रंगाच्या बादलीत दहा लिटर शून्य टीडीएसचं पाणी घ्या. तापमान टाकीइतकंच. चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा घालत पीएच ८.२ च्या आसपास आणा. एअर पंप अर्धा तास चालू ठेवा आणि मग मासा सोडा. तो सुरुवातीला आडवा पडेल, दचकेल. पाच मिनिटं डोळे न हटवता बघा. कल्ले थांबले किंवा तो वेड्यासारखा आपटू लागला तर लगेच काढा. नंतर बादलीच्या तळाशी टॉर्च मारा. तिळाएवढे, लांबट-गोल, दुधी पांढरे ठिपके पडलेले दिसले तर ते फ्लूक. जिवंतपणी ते काचेसारखे पारदर्शक असतात, म्हणून माशावर दिसत नाहीत. गोड्या पाण्याने ते पांढरे होऊन गळतात.

फ्लूक सापडले तर प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम, आणि पाच-सात दिवसांनी पुन्हा एकदा, कारण अंडी पहिल्या मात्रेतून वाचतात. कुत्र्याच्या जंताच्या गोळीतही हेच औषध असतं, पण तिच्यात बरोबर दुसरीही औषधं असतात. ती गोळी टाकीत नको.

या अंघोळीने इच बरा होत नाही, तो कातडीखाली सुरक्षित असतो. व्हेल्वेटमध्ये थोडा आराम पडतो, तेवढाच.

## सूक्ष्मदर्शक मिळाला तर

शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. नुकत्याच मेलेल्या माशाच्या कल्ल्याची दोन-तीन टोकं कात्रीने कापा, काचपट्टीवर टाकीतल्याच पाण्याचा थेंब घ्या आणि वर पातळ काच ठेवा. नळाचं पाणी घेतलं तर परजीवी फुटतात आणि काहीच दिसत नाही. ४० पटीवर संथ गरगरणारा काळपट गोळा दिसला तर इच. १०० पटीवर कल्ल्याला चिकटलेले, न हलणारे, तपकिरी पेरूच्या आकाराचे थेंब म्हणजे व्हेल्वेट. घेवड्याच्या बीसारखा, सरपटत जाणारा ब्रुकलिनेला. तांदळाच्या कणीसारखे भराभर पळणारे युरोनिमा. मासा मरून दोन-तीन तास झाले असतील तर परजीवी निघून गेलेले असतात, तेव्हा ‘काही सापडलं नाही’ या निष्कर्षाला किंमत नाही. तपासायला न्यायचा असेल तर बर्फात ठेवा, फ्रीजरमध्ये नको. हाताला चीर असेल तर हातमोजे घाला. माशांच्या क्षयाचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम मरीनम, माणसाच्या कातडीतही घर करतो.

## “मोठ्या टाकीतच औषध टाकलं तर?”

दगड आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटची असते, ती तांबं शोषते. सकाळी बरोबर असलेली मात्रा संध्याकाळी कमी पडते आणि रोग टिकतो. शिवाय कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळे मरतात. म्हणून उपचाराची टाकी वेगळी: ४० ते ६० लिटरची, वाळू-दगडाशिवाय, लपायला पीव्हीसी पाईपचे तुकडे आणि एल्बो (ठिबकच्या दुकानात मिळतात), हीटर, आणि मोठ्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवून मुरवलेला स्पंज फिल्टर. अमोनिया रोज मोजायचा.

इच आणि व्हेल्वेट दोन्हींना तांबं चालतं. पण साध्या तांब्याची आणि कीलेटेड, म्हणजे बांधून ठेवलेल्या तांब्याची मात्रा यांत दहापटीचा फरक असतो. कीलेटेडची साधारण २ ते २.५ पीपीएम. बाटलीवरचा आकडा पाळा आणि त्याच प्रकाराला चालणारं टेस्ट किट घ्या. मात्रा दोन-तीन दिवसांत चढवत न्या, मग ३० दिवस अखंड ठेवा. मध्ये खाली आली तर दिवस पुन्हा एकपासून. अमोनिया बांधणारं द्रावण तांब्याबरोबर कधीही टाकू नका, ते तांब्याला जास्त विषारी रूपात बदलू शकतं. आणि कृषी सेवा केंद्रातला मोरचूद टाकीसाठी नाही.

इच पक्का असेल तर तांब्याऐवजी पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.००९ वर आणून ३० दिवस ठेवण्याचाही मार्ग आहे. व्हेल्वेटवर तो चालत नाही. म्हणूनच दोघांतला फरक आधी ओळखायचा.

## “गोड्या पाण्यात तर तापमान वाढवून इच जातो”

तो वेगळा जीव आहे, नाव तेवढं सारखं. इथे तापमान वाढवलं तर चक्र वेगाने फिरतं आणि ऑक्सिजन कमी होतो. लसणाने मासा खायला लागतो, परजीवी मरत नाही. क्लीनर श्रिम्प कातडीखालचा इच उपटून काढू शकत नाही. निळं औषध, म्हणजे मिथिलिन ब्लू, इच-व्हेल्वेटवर उपाय नाही, आणि मोठ्या टाकीत ते फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारून अमोनिया वाढवतं.

## “मासा खातोय की, मग आजारी कसा?”

इचच्या सुरुवातीला मासा उत्तम खातो. तोच उपचाराचा सगळ्यात चांगला काळ असतो. खाणं बंद झाल्यावर तांबं सोसायची ताकद उरत नाही.

## रिकामी टाकी

सगळे मासे उपचाराला हलवल्यावर मोठी टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची. ७२ दिवसांच्या त्या नोंदीवरून हा आकडा आला आहे. पाणी बदलायचं, पंप चालू ठेवायचे, कोळंबी-खेकड्यांना दिवसाआड चिमूटभर खाणं द्यायचं, म्हणजे फिल्टरचे जिवाणू जगतात. मध्येच एखादा डॅमसेल मासा ‘फक्त बघायला’ सोडला तर मोजणी पहिल्या दिवसापासून. जाळी, पाण्याचा मग आणि नळी दोन्ही टाक्यांना वेगवेगळ्या ठेवा, रंगीत टेप लावून. एका ओल्या जाळीच्या गाठीत चिकटलेला सिस्ट पुरतो.